झोर्या, लुहान्स्क : एका नावाचे पाठ आणि पाठभेद

सोव्हिएत संघाच्या फुटबॉल विजेत्यांची जुनी यादी चाळताना १९७२ या सालासमोर एक नोंद आढळते : ‘झार्या, वोरोशिलोवग्राद’. तिच्या अवतीभवती मॉस्को, कीव, तिबिलिसी, येरेवान अशी राजधान्यांची नावे आहेत आणि ती सगळी आजच्या नकाशावर सापडतात. वोरोशिलोवग्राद मात्र सापडत नाही. त्या शहराचे नाव आता लुहान्स्क आहे. क्लबचे नाव युक्रेनियन उच्चारानुसार ‘झोर्या’ असे लिहिले जाते. आणि २०१४ च्या युद्धापासून हा क्लब लुहान्स्कमध्ये खेळलेला नाही. नोंद शंभर टक्के खरी. पण तिच्यातले दोन्ही शब्द बदललेले आणि त्या दोन शब्दांमधला संबंधही तुटल्यासारखा. अशा नोंदीचे काय करावे?

आम्ही मराठी साहित्य शिकवणारी माणसे. फुटबॉलचे जाणकार असल्याचा आमचा दावा नाही. तरीही या प्रांतीय क्लबच्या इतिहासाविषयी लिहावेसे वाटले, कारण तो जो प्रश्न उभा करतो तो आमच्या नित्याच्या कामातला आहे. जुन्या संहितेत एखादे नाव आज रूढ नसलेल्या रूपात आले, तर संपादकाने ते तसेच ठेवावे की आजच्या वाचकाच्या सोयीसाठी बदलावे? पाठचिकित्सेचा विद्यार्थी सांगेल की मूळ पाठ राखावा आणि भेद तळटीपेत द्यावा. नियम सोपा आहे. पण ज्या नावामागे सत्तेचे हुकूम, माणसांचे विस्थापन आणि एक न संपलेले युद्ध आहे, तिथे हा नियम पाळणे किती अवघड होते आणि तरीही तो का पाळावा, हे लुहान्स्कच्या उदाहरणातून उमगते असे आम्हांस वाटते.

प्रथम शहराविषयी. लुहान्स्कचा जन्म एका कारखान्यातून झाला. १७९५ साली सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या आज्ञेने लुहान नदीकाठी लोखंडाचा ओतकाम कारखाना उभारण्यात आला. त्याची उभारणी चार्ल्स गॅस्कोइन या स्कॉटिश तंत्रज्ञाने केली. कारखान्याभोवती वस्ती झाली आणि वस्तीचे पुढे शहर झाले. याच वस्तीत १८०१ साली एका डॅनिश वंशाच्या वैद्याच्या घरी व्लादिमिर दाल जन्मला. ‘जिवंत महारशियन भाषेचा स्पष्टीकरणात्मक कोश’ त्याने रचला. त्याचे चार खंड १८६३ ते १८६६ या काळात प्रसिद्ध झाले आणि त्यांत दोन लाखांच्या वर शब्द आहेत. दालने हे गाव बालपणीच सोडले. पण कथालेखनासाठी त्याने ‘कझाक लुगान्स्की’, म्हणजे ‘लुगान्स्कचा कझाक’, हे टोपणनाव घेतले. गाव सुटल्यावरही गावाचे नाव सोबत बाळगण्याची लुहान्स्कमधली रीत, म्हणजे, फुटबॉलहून जुनी आहे. रशियन भाषेच्या या कोशकाराचा जन्म आजच्या युक्रेनमध्ये डॅनिश बापाच्या पोटी व्हावा, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी. सीमेवरच्या शहरांची वंशावळ अशीच असते. ती कोणत्याही एका बाजूच्या पुस्तकात नीट मावत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना निघाला. क्लबचा जन्म याच कारखान्याच्या कामगारांत, आणि क्लब आपले स्थापनावर्ष १९२३ मानतो. पुढची नावे पाहावीत. तिसाच्या दशकात ‘झेर्झिनेत्स’. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स झेर्झिन्स्की याच्या नावावरून. १९४८ पासून ‘त्रुदोविये रेझेर्वी’, म्हणजे ‘श्रमिक राखीव दल’. व्यवसायशाळांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अखिल सोव्हिएत क्रीडासंघटनेचे हे नाव. १९६४ पासून ‘झार्या’. एका नावात पोलीसप्रमुख, दुसऱ्यात सरकारी योजना, आणि तिसऱ्यात कोणाचीच हरकत असू नये अशी पहाट.

शहराचे नावही याच तऱ्हेने फिरत राहिले. १९३५ साली लुहान्स्कचे वोरोशिलोवग्राद झाले. याच परिसरात जन्मलेला आणि इथल्या इंजिन कारखान्यात काम केलेला क्लिमेंत वोरोशिलोव त्या वर्षी सोव्हिएत संघाचा मार्शल झाला होता. हयात व्यक्तींची नावे शहरांना देऊ नयेत असे स्टालिनोत्तर काळात ठरले, तेव्हा १९५८ मध्ये शहर पुन्हा लुहान्स्क झाले. डिसेंबर १९६९ मध्ये वोरोशिलोव वारला आणि १९७० च्या आरंभी शहर पुन्हा वोरोशिलोवग्राद झाले. शेवटी १९९० मध्ये पुन्हा लुहान्स्क. पंचावन्न वर्षांत चार नामांतरे झाली आणि चारही वरून आली. एखाद्या आजीने एकाच घरात राहून आयुष्यात चार वेगवेगळे पत्ते लिहिले असतील, आणि तिला एकदाही कोणी विचारले नसेल.

शब्दार्थाकडे वळल्यास आणखी एक बारकावा दिसतो. रशियन ‘झार्या’ म्हणजे सूर्योदयाच्या वा सूर्यास्ताच्या वेळी क्षितिजावर पसरणारी लाली. युक्रेनियन ‘झोर्या’ या शब्दाला तो अर्थ आहेच, पण त्याचा ‘तारा’ हाही अर्थ आहे. एका स्वराच्या फरकाने पहाटेच्या जागी चांदणी उगवते. शहराच्या नावातही तसेच आहे. युक्रेनियन उच्चार ‘लुहान्स्क’, रशियन ‘लुगान्स्क’. एका व्यंजनाचा हा फरक आज केवळ उच्चाराचा राहिलेला नाही. बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे हे त्यावरून ओळखले जाते. भाषाविज्ञानाच्या तासाला आपण ज्याला निरुपद्रवी ध्वनिभेद म्हणतो, त्याला इतिहासात असे दात फुटू शकतात.

आता १९७२ कडे येऊ. झार्या १९६६ मध्ये सर्वोच्च श्रेणीसाठी पात्र ठरला आणि १९६७ पासून तिथे खेळू लागला. १९७१ मध्ये तो चौथा आला. पुढच्या वर्षी, प्रशिक्षक गेर्मान झोनिन यांच्या हाताखाली, तीस सामन्यांत चाळीस गुण मिळवून तो विजेता ठरला. दुसऱ्या क्रमांकावरील डायनॅमो कीव पाच गुणांनी मागे होता. सोव्हिएत अजिंक्यपद तोवर मॉस्कोच्या क्लबांनी, १९६१ मध्ये कीवने आणि १९६४ मध्ये तिबिलिसीने जिंकले होते. कोणत्याही संघीय प्रजासत्ताकाची राजधानी नसलेल्या शहराचा क्लब विजेता होण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या सोव्हिएत संघात झार्याचे व्होलोदिमिर ओनिश्चेंको, व्याचेस्लाव सेम्योनोव, अनातोली कुक्सोव आणि युरी येलिसेयेव हे चौघे होते.

या विजयाचे दोन प्रकारचे वाचन रूढ आहे. पहिले चमत्काराचे : खाणी-कारखान्यांच्या धुरकट गावातल्या साध्या पोरांनी राजधानीला धूळ चारली. दुसरे कारस्थानाचे : प्रादेशिक पक्षसचिव व्होलोदिमिर शेव्चेंको यांचा वरदहस्त होता, कारखान्यांचा पैसा होता, म्हणून क्लब जिंकला. दुसऱ्या वाचनाला आधार आहे. सोव्हिएत खेळ कागदोपत्री हौशी होता. खेळाडू कुठल्यातरी कारखान्याच्या, खाणीच्या वा लष्कराच्या पटावर दाखवले जात आणि प्रत्यक्षात पूर्णवेळ फुटबॉल खेळत. झार्याही याला अपवाद नव्हता. १९७३ च्या अखेरीस शेव्चेंको यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि त्यांच्या पतनाच्या कहाणीत क्लबवरच्या उधळपट्टीचा विषय नेहमी निघतो.

पण आम्हांला दोन्ही वाचने अपुरी वाटतात, आणि ती एकाच कारणाने अपुरी वाटतात. दोन्हींत प्रांताला स्वतःची बुद्धी नाही. एकात त्याचे यश दैवाचे, दुसऱ्यात मालकाचे. पटावरचे बनावट कामगार मॉस्कोच्या आणि कीवच्या क्लबांकडेही होते. राजाश्रय तर त्यांना लुहान्स्कहून कितीतरी जवळचा होता. असे असता राजधानीच्या विजयाचे श्रेय खेळाला आणि प्रांताच्या विजयाचे श्रेय केवळ आश्रयाला, ही विभागणी कोणत्या न्यायाने? झोनिन यांनी शारीरिक तयारीवर दिलेला भर, अनेक वर्षे जमत आलेला संघ, स्थानिक मैदानांवरून वर येणारी मुले, या गोष्टींचा हिशेब मांडल्याविना दिलेला निकाल आळशी होय. आपल्याकडे ‘प्रादेशिक साहित्य’ या लेबलाचे असेच झाले. पुण्या-मुंबईच्या लेखकाची कादंबरी ही नुसती कादंबरी. कोकण वा माणदेशातून आलेली मात्र ‘मातीचा गंध’ असलेली. गंधाचे कौतुक झाले की रचनेचा विचार करण्याची गरज उरत नाही. समीक्षेच्या या सवयीला खेळाचा इतिहास अपवाद नाही, इतकेच इथे नोंदवायचे आहे.

विजेतेपदानंतरचा काळ उताराचा. झोनिन लेनिनग्राडच्या झेनितकडे गेले. ओनिश्चेंको कीवला परतला आणि १९७५ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांच्या चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने डायनॅमोसाठी दोन गोल केले. झार्या युरोपीय चषकात १९७३ साली उतरला. सायप्रसच्या अपोएलला हरवून पुढच्या फेरीत स्लोव्हाकियाच्या स्पार्टाक त्र्नावाकडून बाहेर पडला. १९७४ आणि १९७५ अशी सलग दोन वर्षे सोव्हिएत चषकाच्या अंतिम सामन्यात त्याला हार पत्करावी लागली. १९७९ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीतून खाली गेला. याच शहरात जन्मलेला आणि याच क्लबात घडलेला ओलेक्सांद्र झावारोव कीवमार्गे १९८८ मध्ये इटलीच्या युव्हेंतुसपर्यंत पोचला. गुणी मुले घडवायची आणि राजधानीकडे सोपवायची, हा प्रांताचा जुना धर्म झार्याने निमूट पाळला. स्वतंत्र युक्रेनच्या १९९२ च्या पहिल्या लीगमध्ये क्लब होता. १९९६ मध्ये तो पुन्हा खाली घसरला, तिसऱ्या श्रेणीपर्यंत गेला, आणि २००६ मध्ये वर परतला. इथवरचा इतिहास जगातल्या शेकडो प्रांतीय क्लबांसारखाच आहे : एक सोनेरी वर्ष आणि त्याच्या आठवणीवर काढलेली चाळीस वर्षे.

२०१४ ने मात्र त्याला वेगळे केले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रशियाच्या पाठबळावरील फुटीर गटांनी लुहान्स्कमध्ये ‘प्रजासत्ताक’ घोषित केले आणि शहर युक्रेनच्या हातून गेले. क्लबने शहर सोडले. पुढची अनेक वर्षे झापोरिझ्झिया हे त्याचे उसने घर होते. युरोपीय सामने कधी कीवला, कधी ओदेसाला झाले. विलक्षण गोष्ट अशी की क्लबची स्वतंत्र युक्रेनमधली सर्वांत चांगली वर्षे या बेघरपणातच आली. प्रशिक्षक युरी वेर्निदुब यांच्या काळात २०१६-१७ च्या हंगामात झोर्या लीगमध्ये तिसरा आला आणि त्याच हंगामात युरोपा लीगच्या गटात मँचेस्टर युनायटेड, फेयेनूर्द आणि फेनरबाह्चे यांच्याशी खेळला. मँचेस्टरमधला सामना तो केवळ एका गोलने हरला. डिसेंबर २०२० मध्ये त्याने झापोरिझ्झियात इंग्लंडच्या लेस्टर सिटीला १-० असे हरवले. या सर्व सामन्यांच्या धावफलकावर ‘लुहान्स्क’ हे नाव होते, आणि त्या नावाच्या शहरात हे सामने मैदानावर बसून पाहण्याची सोय कोणालाच नव्हती.

२०२२ च्या फेब्रुवारीत पूर्ण युद्ध पेटले आणि उसने घरही धोक्यात आले. झापोरिझ्झिया आघाडीच्या जवळचे शहर झाले. वेर्निदुब तोवर झोर्या सोडून मोल्दोव्हातल्या शेरीफ तिरास्पोलचे प्रशिक्षक झाले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या संघाने रेआल माद्रिदला माद्रिदमध्ये हरवले होते. युद्ध सुरू होताच ते मायदेशी परतून सैन्यात दाखल झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली ती रिकाम्या प्रेक्षागारांत. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खेळ थांबे, दोन्ही संघ आसऱ्याच्या तळघरात जात आणि धोका टळल्यावर सामना जिथे थांबला तिथून पुढे सुरू होई. झोर्याचे युरोपीय ‘घरचे’ सामने आता पोलंडमधल्या लुब्लिन शहरात होऊ लागले. लुहान्स्क युक्रेनच्या अतिपूर्वेला, लुब्लिन पोलंडमध्ये; घर अख्खा देश ओलांडून गेले होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. शहर नाही, मैदान नाही, घरचा प्रेक्षक नाही, संघात लुहान्स्कची मुले तुरळक. मग या क्लबात लुहान्स्कचे उरले काय? नुसते नाव. आणि नुसत्या नावावर क्लबचा वारसा सांगणे हा भावनेचा व्यापार नव्हे काय? शिवाय शहरात मागे राहिलेल्या सर्वांनाच हा संघ आपला वाटतो असे कोण सांगेल? कोणाला वाटत असेल, कोणाला तो आपल्याला सोडून गेलेला वाटत असेल, आणि कोणाला १९७२ ची आठवण सोव्हिएत काळाचा गौरव म्हणूनच हवी असेल. या सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार झोर्याला नाही. आम्हांला तर नाहीच.

तरीही ‘नुसते नाव’ या शब्दप्रयोगाशी आमचे भांडण आहे. वर सांगितलेला नावांचा इतिहास पुन्हा आठवावा. झेर्झिनेत्स, त्रुदोविये रेझेर्वी, झार्या. वोरोशिलोवग्राद, लुहान्स्क, वोरोशिलोवग्राद, लुहान्स्क. यांपैकी प्रत्येक नाव बहाल झालेले होते. नव्वद वर्षांत क्लबने आपले नाव स्वतः निवडल्याचे फारसे दिसत नाही. २०१४ मध्ये पहिल्यांदा अशी वेळ आली की नाव सोडून देणे सोपे होते आणि राखणे कष्टाचे. झापोरिझ्झियाच्या नावाने खेळले असते तर तिथला प्रेक्षक आपलासा झाला असता, व्यवहारही सुकर झाला असता. क्लबने लुहान्स्क हे नाव टाकले नाही. जे नाव तोवर पत्ता होते ते त्या दिवसापासून विधान झाले. आमच्या मते झोर्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना १९७२ चे अजिंक्यपद नसून ही आहे. मात्र तिच्यासाठी चषक नसल्याने ती याद्यांत येत नाही. सर्वांनाच हे साधले असेही नाही. मारिउपोलचा क्लब २०२२ नंतर लीगच्या तक्त्यातून नाहीसा झाला, आणि त्याबरोबर त्या तक्त्यातून एका शहराचे नावही गेले.

अध्यापक म्हणून आम्हांला यात आणखी एक जवळची गोष्ट दिसते. लुहान्स्कमधल्या दोन विद्यापीठांनीही हीच वाट चालली. ज्याच्या कोशाचा वर उल्लेख केला त्या दालचे नाव धारण करणारे विद्यापीठ २०१४ मध्ये सेव्हेरोदोनेत्स्कला आणि २०२२ मध्ये कीवला हलले. तारास शेव्चेंको यांच्या नावाचे लुहान्स्क विद्यापीठ आधी स्तारोबिल्स्कला आणि नंतर पोल्ताव्हाला गेले. ग्रंथालय मागे राहते, इमारत मागे राहते, काही सहकारीही मागे राहतात. हजेरीपट, अभ्यासक्रम आणि पदवीवरचे नाव सोबत येते. वर्ग भरतो तो या तीन गोष्टींवर. ज्यांनी आयुष्य महाविद्यालयात काढले त्यांना पदवीवरील नाव ‘नुसते’ असते असे म्हणवणार नाही.

साहित्यानेही ही नोंद आपल्या परीने जपली आहे. लुहान्स्क प्रांतातल्या स्तारोबिल्स्क इथे १९७४ साली जन्मलेले कवी-कादंबरीकार सेर्ही झादान यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीला ‘वोरोशिलोवग्राद’ हे नाव दिले, म्हणजे ते नाव नकाशावरून जाऊन वीस वर्षे झाल्यानंतर. या शीर्षकाने कोणी झादान यांना सोव्हिएत काळाचे चाहते ठरवले तर ते वाचन उथळ ठरेल. रद्द झालेले नाव उच्चारणे म्हणजे त्या राजवटीला मुजरा नव्हे. त्या नावाखाली ज्यांचे बालपण गेले त्यांना इतिहासातून वगळण्यास दिलेला तो नकार होय.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. १९७२ समोर ‘झार्या, वोरोशिलोवग्राद’ असेच छापावे. आजच्या सोयीने तिथे ‘झोर्या, लुहान्स्क’ बसवू नये. कारण त्यामुळे त्या संघाने कोणत्या राजवटीत, कोणाच्या आश्रयाने आणि कोणत्या लादलेल्या नावाने विजय मिळवला हे पुसले जाते. आणि २०१४ नंतरच्या प्रत्येक तक्त्यात ‘झोर्या, लुहान्स्क’ असेच छापावे. सामना कीवला झालेला असो की लुब्लिनला. पहिल्या नोंदीत लादलेले नाव आहे, दुसऱ्या नोंदीत राखलेले. दोन्ही पाठ खरे आहेत आणि एकाने दुसऱ्याला दुरुस्त करू नये. कझानमध्ये जन्मलेल्या, पुढे लेनिनग्राडला गेलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, कारखान्याच्या खोट्या पटावरच्या खऱ्या खेळाडूंनी मिळवलेला तो विजय सोव्हिएत स्मरणरंजनाला आंदण देण्याचे कारण नाही, तसेच त्याला मागाहून शुद्ध करून घेण्याचेही कारण नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा हा विषय रुक्ष वाटतो. जुन्या पोथ्यांतल्या काना-मात्रांची भांडणे कोणासाठी, असे ते विचारतात. पुढच्या सत्रात त्यांच्यापुढे ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांबरोबर फुटबॉलच्या दोन याद्याही ठेवाव्यात, असा आमचा विचार आहे : एक १९७२ ची आणि एक अलीकडची. एकाच क्लबची ही दोन नावे का, याचे उत्तर शोधण्यास त्यांना सांगावे. काना-मात्रांची भांडणे कोणासाठी, हे मग आम्हांला वेगळे सांगावे लागणार नाही.